गांजा, गोळी आणि पायाचा तोल

(पन्नाशी ओलांडलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)



रविवारची वंदना झाली. खीरदान झाले, पोरे पळाली. महिला मंडळाच्या बाया सतरंज्या घडी करत होत्या. एक मावशी मात्र विहाराच्या पायरीवरच बसून राहिल्या. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू का? पण कोणाले सांगू नका."

नोकरी सोडून आम्हाला बरीच वर्षे झाली, पण वस्तीत आम्ही अजून सिस्टरच आहोत. आम्ही शेजारी बसलो.

मावशींचे वय पंचावन्नच्या आसपास. नवरा ट्रकवर होता, तो लवकर गेला. त्यांच्या स्वतःच्या एचआयव्हीच्या गोळ्या २००६ पासून सुरू आहेत. "रातभर पायाची आग होते, सिस्टर. झोप नाही लागत. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगतलं, चिलमीचे दोन झुरके घे. घेतले का बरं वाटते. पण या महिन्यात हातपंपावर दोनदा पडली. गोळी खाल्ली का नाही, तेच ध्यानात राहत नाही. हे गांजानं होते, का म्हातारपणानं, का रोगच डोक्यात गेला?"

ही एका बाईची गोष्ट नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांत निरनिराळ्या वेळी ऐकलेल्या तीन-चार जणींच्या गोष्टी आम्ही इथे एकत्र केल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख पटणार नाही. प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. या महिन्याचा पाठ त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

थोडक्यात उत्तर असे. तिन्ही कारणे असू शकतात. पण पन्नाशी पार केलेल्या आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईचे जगणे दोन गोष्टींवर उभे असते: रोजच्या गोळीची आठवण आणि पायाचा तोल. गांजा दुखणे थोडा वेळ झाकतो आणि नेमका याच दोन गोष्टींना धक्का देतो. म्हणून रागावण्याआधी दुखणे शोधले पाहिजे.

या भगिनी आल्या कुठून?

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा विषाणू शिरला. बहुतेक बायांना तो नवऱ्याकडून मिळाला. नवरा गेला, सासरने हात वर केले आणि दोष बाईच्याच माथी आला. तेव्हा बाहेरची औषधे गरिबाच्या आवाक्यात नव्हती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने निवडक केंद्रांतून मोफत गोळ्या देणे सुरू केले आणि मग हळूहळू ही केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचली. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच गोळ्या सुरू करायच्या, असे धोरण आले.

ज्या बाईला तिशीत "आता दोन-तीन वर्षे" असे ऐकावे लागले होते, ती आज पन्नास-पंचावन्नची आहे. तिने लेकरे वाढवली, लग्ने केली, नातवंडे पाहिली. हा तिचा आणि गोळ्यांचा विजय आहे. मात्र वय वाढल्यावर या आजारासह कसे जगायचे, हे तिला कोणी शिकवलेले नाही. एचआयव्हीच्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या माणसाला वयस्कर धरतात, आणि आपल्या भगिनी आता त्या वयात आल्या आहेत.

एचआयव्ही डोक्यात जातो का?

हो, जातो. पण घाबरू नका, नीट समजून घ्या.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. तो मुख्यतः मेंदूतल्या राखणदार पेशींमध्ये दडून बसतो. गोळ्यांनी रक्तातला विषाणू दबतो, पण मेंदूत थोडी सूज राहू शकते, जसा चुलीतल्या राखेखाली विस्तव राहतो. त्यामुळे काही जणांना सौम्य त्रास होतो. विचार करायला वेळ लागतो. एका वेळी दोन कामे जमत नाहीत. बाजारातून काय आणायचे ते विसरते. हात-पाय पूर्वीसारखे झटकन चालत नाहीत. गोळ्या नियमित असल्या तर गंभीर विस्मरण आता क्वचितच दिसते.

पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने मराठी बोलणाऱ्या रुग्णांच्या स्मरणाच्या आणि हातांच्या गतीच्या चाचण्या घेतल्या आहेत. म्हणजे हा फक्त परदेशातल्या लोकांचा प्रश्न नाही. डॉक्टरांना विचारावा असा हा त्रास आहे. कोणी त्याला वेड म्हणू नये आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही.

गांजा काय करतो?

गांजा म्हणजे भांगेच्या मादी झाडाचा फुलोरा, भांग म्हणजे पाने आणि चरस म्हणजे चीक. तिन्हींत नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच, त्याला टीएचसी म्हणतात. १९६४ साली इस्रायलमध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. पुढे १९९२ साली कळले की आपला मेंदू स्वतःच टीएचसीसारखे काम करणारे एक द्रव्य तयार करतो. शास्त्रज्ञांनी त्याचे नाव आपल्याच 'आनंद' या शब्दावरून आनंदामाइड ठेवले.

मेंदूत या द्रव्यासाठी ठिकठिकाणी जणू कुलपे आहेत. टीएचसी त्या कुलपांत बाहेरची चावी घालते. ही कुलपे सगळ्यात दाट कुठे आहेत, ते पाहा:

- नवी आठवण साठवणाऱ्या भागात. म्हणून आत्ताच केलेले काम विसरते.
- कपाळामागच्या भागात, जिथे लक्ष आणि निर्णय असतात. म्हणून लक्ष भरकटते.
- मेंदूच्या खोल गाभ्यात, जिथून हालचाल सुरू होते. म्हणून हात-पाय मंद होतात.
- डोक्याच्या मागच्या लहान मेंदूत, जिथे तोल सांभाळला जातो. म्हणून पाऊल वाकडे पडते.

आता मागचा भाग आठवा. एचआयव्हीमुळे मंदावणारी कामे कोणती होती? लक्ष, विचाराची गती आणि हालचालीची गती. म्हणजे जी भिंत आधीच ओलीने पोखरलेली आहे, तिच्यावरच गांजा वरून पाणी ओततो.

चिलीम किंवा बिडीतून ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन ते चार तास राहतो. खाल्लेला गांजा किंवा भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि नशा सहा-आठ तास किंवा जास्तही राहते. "अजून काही झाले नाही" म्हणून बाई आणखी खाते आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात.

तरुण पोरगा आणि पन्नाशीची बाई: फरक काय?

तोच झुरका वेगवेगळ्या शरीरात वेगळे काम करतो.

एक, टीएचसी चरबीत विरघळते. वयानुसार अंगातले स्नायू कमी होतात, चरबीचा वाटा वाढतो आणि यकृताचे काम मंदावते. त्यामुळे द्रव्य अंगात जास्त वेळ रेंगाळते.

दोन, गांजाने छातीची धडधड वाढते आणि उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. रोवणीच्या चिखलात वाकून असलेली बाई उभी राहते तेव्हा किंवा रात्री लघवीला उठते तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना धोका आणखी जास्त.

तीन, पाळी गेल्यावर बाईची हाडे ठिसूळ होऊ लागतात. एचआयव्हीच्या गोळीतल्या टेनोफोव्हिर या औषधानेही हाडांची घनता थोडी कमी होते. म्हणून गोळी सोडायची नाही, पण पडायचेही नाही. खुब्याचे हाड मोडले की कष्टकरी बाई महिनोन् महिने अंथरुणाला खिळते.

चार, आपला जिल्हा जंगलाचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला बाया जंगलात जातात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन भगिनी एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सावध माणसालाही जंगलात इतका धोका आहे. मग जिचे कान आणि पाय गांजाने मंद झाले आहेत, तिला किती असेल? आदल्या रात्री गांजा खाल्ला असेल तर पहाटेच्या मोहफुलांच्या वेळीही त्याचा अंमल उरलेला असू शकतो.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचे, गोळी. आठवण गेली की गोळी चुकते. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. वाढलेला विषाणू मेंदूची सूज वाढवतो आणि आठवण आणखी जाते. हे चक्र एकदा फिरू लागले की बाईला वाटते, आपण म्हातारे झालो.

पण गांजाने बरे वाटते त्याचे काय?

खरे तेच सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवणार नाही. पायाची आग गांजाने काही जणांत कमी होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे एचआयव्हीमुळे पायाच्या नसा दुखणाऱ्या ५० रुग्णांवर अभ्यास झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना खरा गांजा दिला, अर्ध्यांना नशेचे द्रव्य काढलेला. खरा गांजा ओढणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांचे दुखणे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कमी झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण २४ टक्के होते.

पण त्या अभ्यासात गांजा फक्त पाच दिवस दिला होता. मात्रा मोजलेली होती, रुग्ण दवाखान्यात होते आणि त्यात पुरुषच जास्त होते. आपल्या वस्तीत येणाऱ्या पुडीत किती टीएचसी आहे, कशाची भेसळ आहे, कोणती बुरशी आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला अशी बुरशी घातक ठरू शकते. ज्यांना आधी टीबी होऊन गेला, त्यांच्या छातीला धूर आणखी वाईट.

वर्षानुवर्षे गांजा घेणाऱ्या एचआयव्हीच्या रुग्णांच्या बुद्धीवर काय परिणाम होतो, यावर संशोधकांत एकमत नाही. काही अभ्यासांत आजार वाढलेल्या आणि वारंवार गांजा ओढणाऱ्या लोकांची स्मरणशक्ती जास्त खालावलेली दिसली. काहींत फरक दिसला नाही. काहींत तर थोडा फायदाही दिसला, कारण गांजातली काही द्रव्ये सूज कमी करतात असे मानतात. कोणी मोबाइलवर असे काही दाखवून "गांजा मेंदूला चांगला" म्हणाले, तर हे लक्षात ठेवा. गांजा घेतल्यानंतरच्या काही तासांत आठवण, लक्ष आणि तोल बिघडतो, यावर मात्र वाद नाही. आणि गोळीची वेळ, चुलीचा जाळ, विहिरीचा काठ हे सगळे त्या काही तासांतच येते.

पाय का जळतात? झोप का येत नाही?

पायाच्या आगीला कारण असते. ते शोधले तर गांजाची गरजच कमी होते.

- पूर्वी स्टॅव्ह्युडिन नावाची एचआयव्हीची गोळी दिली जात असे. २००४ नंतरच्या पहिल्या वर्षांत अनेकांनी ती खाल्ली. तिने पायाच्या नसांना इजा होत असे. ती गोळी आता बंद झाली आहे, पण काहींच्या नसांचे दुखणे उरले आहे.
- एचआयव्ही स्वतःही नसांना इजा करतो.
- साखरेचा आजार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि दारू यांनीही पाय जळतात.
- टीबीच्या आयसोनियाझिड गोळीने मुंग्या येऊ शकतात. म्हणून तिच्याबरोबर बी-६ ची गोळी देतात. ती टाकून देऊ नका.

नसांच्या दुखण्यावर डॉक्टर वेगळी औषधे देतात. ती मनाने दुकानातून घेऊ नका. त्यातल्या काहींनी गुंगी येते आणि पडण्याची भीती असते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. अशी गोळी आणि वर गांजा किंवा दारू घेतली तर गुंगी दुप्पट होते.

झोपेचे एक साधे कारण बऱ्याच जणींना माहीत नसते. सध्याच्या एचआयव्हीच्या एकत्र गोळीत डोल्युटेग्राव्हिर हे औषध असते. काहींची झोप त्याने उडते. गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्यास अनेकींना फरक पडतो. वेळ बदलण्याआधी केंद्रात विचारा. पाळी जाण्याच्या काळातल्या अंगातल्या वाफा, मनातले दुःख आणि एकटेपण यांनीही झोप जाते, आणि या सगळ्यांवर उपाय आहेत.

हाडांसाठी कॅल्शियम, रक्तासाठी लोहाची गोळी किंवा पित्ताचे औषध घेत असाल तर तेही केंद्रात सांगा. ही औषधे रिकाम्या पोटी डोल्युटेग्राव्हिरबरोबरच घेतली तर एचआयव्हीचे औषध अंगात नीट शोषले जात नाही. कोणती कधी घ्यायची, ते लिहून घ्या.

घरच्या घरी करायची तपासणी

दवाखान्यात वापरली जाणारी एक सोपी चाचणी आहे. ती शाळा न शिकलेल्या बाईचीही करता येते. सून, लेक किंवा मंडळातली मैत्रीण घ्या. नशा केलेली नसताना करा. मोबाइलचे घड्याळ पुरे.

पहिली पायरी: चार शब्द सांगा: कुत्रा, टोपी, शेंग, लाल. मावशींना ते परत म्हणायला लावा. शेवटी पुन्हा विचारणार, हेही सांगा.

दुसरी पायरी: ज्या हाताने जेवत नाही त्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट जितके उघडता येईल तितके उघडून भराभर टेकवायचे. पाच सेकंद मोजा. १५ किंवा जास्त वेळा टेकले तर ४ गुण, ११ ते १४ ला ३, ७ ते १० ला २, ३ ते ६ ला १.

तिसरी पायरी: त्याच हाताने पाटावर आधी मूठ, मग सपाट पंजा, मग करंगळीच्या कडेवर उभा पंजा, अशी क्रिया भराभर करायची. आधी दोनदा सराव करू द्या. दहा सेकंदांत चार फेऱ्या झाल्या तर ४ गुण, तीन झाल्या तर ३, दोनला २, एकीला १.

चौथी पायरी: ते चार शब्द आता विचारा. प्रत्येक शब्दाला १ गुण.

एकूण १२ गुण. १० किंवा कमी आले तर डॉक्टरांना दाखवा. याचा अर्थ आजार आहेच असा नाही. ॲनिमिया, थायरॉइड, बी-१२, मनाची उदासी, ऐकू कमी येणे यांनीही गुण कमी येतात, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारतात.

तोलासाठी दुसरी तपासणी: खुर्चीवर बसा, उठा, दहा फूट नेहमीच्या चालीने चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजा. शेजारी एकीने उभे राहायचे, म्हणजे पडायला नको.

काही लक्षणांत थांबायचे नाही. ताप आणि जोराची डोकेदुखी, मान आखडणे, एकाएकी बडबड किंवा गोंधळ, झटके, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, असे काही झाले तर गांजा चढला असेल म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

सांगायचे कसे? भीती कशाची?

मावशींना दोन गुपिते सांभाळावी लागतात, एक एचआयव्हीचे आणि एक गांजाचे. म्हणून त्या केंद्रात गप्प बसतात. समुपदेशक विचारतात, "गोळ्या वेळेवर?" मावशी मान हलवतात. पण डॉक्टरांना गांजा माहीत नसेल तर विसरणे, पडणे आणि धडधड यांचे कारण ते दुसरीकडेच शोधत बसतात.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमचा एचआयव्ही कोणाला सांगता येत नाही, आणि त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. गांजाबाबत १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. गांजा बाळगणे आणि ओढणे गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात अडकलेला माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मागणाऱ्या बाईला कायदा शत्रू समजत नाही.

केंद्रात एवढेच म्हणा: "मी पाय दुखतात म्हणून संध्याकाळी गांजा घेते. मला पायाचे औषध द्या, आणि हा सोडायला मदत करा." सोबत हेही विचारा: माझा विषाणूभार शेवटचा कधी तपासला? नियमानुसार तो वर्षातून एकदा तरी तपासायचा असतो.

भामरागड-एटापल्लीकडून जिल्ह्याच्या गावी येणे सोपे नाही, एका दिवसाची मजुरी बुडते. जवळ लिंक केंद्र आहे का, तब्येत स्थिर असेल तर एकापेक्षा जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, हेही विचारा.

मोफत फोन: एचआयव्हीबाबत १०९७, व्यसन सोडण्यासाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६.

सोडताना

रोज घेणाऱ्या बाईने गांजा सोडला तर पहिला आठवडा जड जातो. चिडचिड, झोप न येणे, भूक मंदावणे, घाम येणे असे होते. साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. यात जिवाला सहसा धोका नसतो, हे आधीच माहीत असेल तर धीर राहतो. एकदम जमत नसेल तर आधी हे करा: गोळी झाल्याशिवाय चिलीम नाही. पहाटे जंगलात जायचे असेल तर आदल्या रात्री नाही. दारूबरोबर कधीच नाही. खाऊन तर नाहीच. गोळ्यांसाठी आठवड्याचे खण असलेली डबी ठेवा किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. नातवंडाला सांगा, ते एकही दिवस विसरणार नाही.

गांजा सोडून खर्रा वाढवू नका. झोपेसाठी म्हणून तंबाखू-सुपारी चघळली तर उलट झोप उडते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच. चिलीम एकमेकांत फिरवल्याने एचआयव्ही पसरत नाही, पण खोकणाऱ्या माणसांत दाटीने बसल्याने टीबी पसरतो.

घरच्यांना आणि मंडळाला दोन शब्द

आपल्या भागातल्या बाया नशेविरुद्ध लढल्या आहेत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध आवाज उठवायला आपण शिकलो. पण कोपऱ्यात बसून, कोणाला त्रास न देता, दुखण्यासाठी दोन झुरके घेणाऱ्या मावशीशी कसे बोलायचे, ते आपण अजून शिकलेलो नाही. तिच्यापुढे मोर्चाची घोषणा चालत नाही.

पाचवे शील आपण दर वंदनेला घेतो. त्यात नशेबरोबर 'प्रमाद' हा शब्द येतो, म्हणजे बेसावधपणा. शीलाचा रोख तिथे आहे. मावशीची सावधता वाचवणे हे शीलाचे काम आहे. तिला विहारातून उठवणे हे शीलाचे काम नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकून दिलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले होते. आधी त्याला स्वच्छ केले, खाटेवर निजवले, आणि मग संघाला जमवून समज दिली. हा क्रम आपणही पाळावा.

त्या संध्याकाळी पायरीवर आम्ही मावशींना एवढेच म्हणालो, "मावशी, पुढच्या तारखेला आपण दोघी जाऊ." त्या म्हणाल्या, "तुम्ही असाल त सांगीन मी." तुमच्या वस्तीतही अशी एखादी मावशी असेल. तिच्यासोबत केंद्राच्या बाकावर एक सकाळ बसायला आपल्यापैकी कोणीतरी तयार असले पाहिजे.

मंडळात चर्चेसाठी

१. गांजा आणि एचआयव्ही हे दोन्ही शरीराच्या कोणत्या कामांवर परिणाम करतात?

२. पाय जळण्याची चार कारणे सांगा.

३. आपल्या वस्तीतून केंद्रात जायला किती खर्च आणि वेळ लागतो? कोण कोणासोबत जाऊ शकेल?

४. कोणाचे गुपित न फोडता मदत करायची असेल तर मंडळाने कोणते नियम पाळावेत?

जय भीम. नमो बुद्धाय.